सीपॅप: रात्री तीनला मास्क काढून फेकणारे आणखी कोणी आहेत का इथे?

अर्धवट_झोप
रविवार, रात्री १:४०

२२ दिवस झाले, उशाशी सीपॅप मशीन आहे, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा सोडणारं यंत्र. स्लीप स्टडीत एएचआय ३८ आला. म्हणजे तासाला ३८ वेळा माझा श्वास एक तर थांबतो, नाही तर अर्ध्यावर अडतो. ३० च्या वर गेलं की 'तीव्र' म्हणतात म्हणे. मशीन ऑटो मोडवर, हवेचा दाब ४ ते २० लावून मिळालं, टेक्निशियनने दहा मिनिटांत मास्क घालायला शिकवला आणि मी घरी आलो.

पुढची हकिकत अशी. अकराला शहाण्यासारखा मास्क लावून आडवा होतो. तीनच्या सुमाराला जाग येते तेव्हा जीभ टाळूला चिकटलेली, नाक चोंदलेलं, नाकाच्या दांडीवर लाल वळ आणि पोट टम्म. मग मास्क काढतो. गेल्या आठवड्यात तर काढल्याचं आठवतही नाही. सकाळी तो पलंगाखाली सापडतो आणि मशीन बिचारं एकटंच हवा सोडत बसलेलं असतं. बायको म्हणते, घोरणं थांबलं हे खरं, पण त्याजागी पंक्चर झालेली सायकल शेजारी झोपल्यासारखं वाटतं.

मशीन परत करावं असं मनात येतंय. कोणाचं सुरळीत झालं असेल तर कसं झालं ते सांगा. "सवय होईल" एवढं सोडून काहीही चालेल.

रातराणी
रविवार, सकाळी ७:०५

परत करू नका, निदान आज तरी नको. मी सहा वर्षं वापरते आहे आणि पहिला दीड महिना अक्षरशः रडून काढलाय.

दोन गोष्टी विचारते. मास्क कुठला? नुसत्या नाकावर बसणारा, नाकपुड्यांना लागणारा छोटा, की नाक-तोंड दोन्ही झाकणारा? आणि पट्टे किती घट्ट करता? तुमच्या चारपैकी निदान तीन तक्रारी एकाच जागेवरून सुरू होत असाव्यात असा माझा दाट संशय आहे.

अर्धवट_झोप
रविवार, सकाळी ९:२०

नाकावरचा. पट्टे जमतील तेवढे घट्ट. सैल केले की हवा सुटते ना!

रातराणी
रविवार, सकाळी ९:५५

वाटलंच होतं.

मास्कच्या कडेला सिलिकॉनचे बहुतेक वेळा दोन पदर असतात. आतला पातळ पदर हवेने फुगतो आणि तोच गालाला टेकून हवा अडवतो. पट्टे आवळले की तो चुरगळतो, त्याला घडी पडते आणि हवा नेमकी त्या घडीतून सुटते. आपल्याला वाटतं अजून सैलच आहे, म्हणून आणखी आवळतो. नाकावरचा वळ हा या प्रकाराचा पुरावा.

दुसरी चूक जवळजवळ सगळेच करतात. आरशासमोर बसून मास्क बसवतात. आडवं झालं की गालांचा आकार बदलतो, सगळं मांस कानांकडे ओघळतं. शिवाय बसवताना रॅम्प (दाब हळूहळू चढवायची सोय) चालू असतो, म्हणजे दाब ४ असतो. ४ वर हवा सुटत नाही, ती सुटते मध्यरात्री दाब ११ वर गेल्यावर. म्हणून आडवं पडा, मास्क फिट तपासायची सोय असेल तर ती चालू करून पूर्ण दाबाला मशीन चालवा, पट्टे आधी चांगले ढिले करा, मास्क चेहऱ्यापासून जरासा पुढे ओढून परत टेकू द्या आणि मग खालचे पट्टे एकेक खूण घट्ट करत या. आवाज थांबला की थांबा. पट्ट्याखाली बोट सहज सरकलं पाहिजे. मग कुशीवर वळून बघा.

तोंड धुऊनच मास्क लावायचा, वर क्रीम नको. कुशन रोज सकाळी सौम्य साबणाने धुवायचं, कारण चेहऱ्याच्या तेलाने सिलिकॉन निसरडं होतं आणि पुढे मऊही पडतं. दाढी आहे का? असेल तर तो वेगळा अध्याय.

अवांतर: ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सलिवन यांनी १९८१ मध्ये हा उपचार पहिल्यांदा जगापुढे मांडला. त्या सुरुवातीच्या काळात मास्क रोज रात्री चेहऱ्याला चिकटवावा लागायचा. माझा मास्क छळायला लागला की मी हे आठवते. फार फरक पडत नाही, पण थोडा पडतो.

लॅबवाली
रविवार, दुपारी २:३०

रातराणीताईंनी पट्ट्यांचं चोख सांगितलंय. मी स्लीप लॅबमध्ये टेक्निशियन आहे, त्यामुळे कोरडं तोंड आणि चोंदलेलं नाक यांच्याबद्दल लिहिते. या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत.

मास्क नाकावर आणि झोपेत तोंड उघडलं, तर हवा नाकातून आत येते आणि तोंडावाटे बाहेर पडते. एरवी आपण नाकाने श्वास सोडतो तेव्हा बाहेर जाणारी ओलसर हवा नाकाच्या अस्तराला थोडा ओलावा परत देऊन जाते. इथे नाकाला फक्त येणारी हवा मिळते, जाणारी मिळतच नाही. वाहतूक एकेरी. अस्तर सुकतं, चिडतं, सुजतं आणि नाक बंद होतं. नाक बंद झालं की तोंड आणखी उघडतं. तीन वाजेपर्यंत ही चक्की फिरत राहते.

तुमच्या मशीनला हवा ओलसर करणारा गरम पाण्याचा ह्युमिडिफायर आहे का? असेल तर तो किती वर आहे? बरेच जण टाकी भरतात आणि आकडा १ वर ठेवतात.

अर्धवट_झोप
रविवार, दुपारी ३:१०

टाकी आहे. आकडा... आत्ता पाहिला. शून्य. 🤦

गुडगुडराव
रविवार, दुपारी ३:१२

दंडवत घ्या मालक!

लॅबवाली
रविवार, दुपारी ४:००

हसू नका हो, दर आठवड्याला एक तरी असा पेशंट येतो. ३ किंवा ४ पासून सुरू करा आणि दर दोन रात्रींनी एकेक वाढवा. पाणी डिस्टिल्ड घ्या आणि रोज बदला, काल उरलेलं नको. झोपण्याआधी नाकात सलाईनचा स्प्रे मारा. ॲलर्जी असेल तर डॉक्टर स्टिरॉइडचा स्प्रे देतात, त्याचा गुण दिसायला काही दिवस जातात. मात्र नाक पटकन मोकळं करणारे दुकानातले थेंब तीन-चार दिवसांच्या वर घालू नका. त्यांचा अंमल उतरला की नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदतं आणि माणूस थेंबांच्या नादी लागतो.

इतकं करूनही तोंड उघडंच राहिलं तर हनुवटीचा पट्टा किंवा नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस मास्क. हनुवटीचा पट्टा जबडा वर धरतो, ओठ बंद करत नाही, त्यामुळे काहींना त्याचा शून्य उपयोग होतो. फुल फेसची कड लांब असते, म्हणजे हवा सुटायला जागा जास्त, आणि काहींचा जबडा त्याने मागे ढकलला जातो. तो वाईट आहे असं म्हणत नाही, पण नाकाकडे न बघता थेट त्यावर उडी मारू नका.

चिकटपट्टी
रविवार, रात्री ८:१५

ओठांवर टेप लावायचा म्हणतात त्याचं काय? आयडी बघून हसू नये.

लॅबवाली
रविवार, रात्री ८:४०

माझं मत स्पष्ट आहे: नको. नाक चोंदलंय, उलटी झाली किंवा मशीन मध्येच बंद पडलं तर तोंड हाच दुसरा दरवाजा असतो, तो चिकटवून ठेवू नये. डॉक्टरांनी तपासून सांगितलं तर गोष्ट निराळी.

गुडगुडराव
रविवार, रात्री ९:३०

पोटाबद्दल कोणीच बोललं नाही, आणि माझं तर नावच त्यावरून पडलंय. सकाळी उठलो की ढेकर, मग पोटात मुरडा, मग जे व्हायचं ते. पाहुणे घरी असताना तर विचारू नका.

होतं असं की दाबाखालची हवा श्वासनलिकेत जाते तशी अन्ननलिकेच्या तोंडावरही धडकते, आणि ते दार ढिलं असलं की पोटात उतरते. ज्यांना आंबट पाणी वर येण्याचा त्रास आहे त्यांच्यात हे जास्त दिसतं. मलाही तो होता.

माझ्या बाबतीत दोन गोष्टींनी फरक पडला. एक, डॉक्टरांनी मशीनमधल्या कार्डावरची माहिती बघून दाबाची मर्यादा आखून दिली. माझंही तुमच्यासारखं ४ ते २० मोकाट सोडलेलं होतं. हवा सुटली की मशीनचा हिशेब चुकायचा, कधी दाब १७-१८ पर्यंत चढायचा आणि तो सगळा पोटात. आता ७ ते १२ आहे. खालचा आकडा वाढवला याचं मला नवल वाटलं होतं, पण ४ वर मला सुरुवातीलाच हवा पुरत नव्हती, मी अधाशासारखा श्वास घ्यायचो आणि गिळायचो. दोन, श्वास सोडताना दाब थोडा उतरवायची सोय असते, ती चालू केली. याशिवाय पलंगाची डोक्याकडची बाजू थोडी उंच केली आणि डाव्या कुशीवर झोपायला लागलो.

आकडे माझे आहेत, उचलून स्वतःच्या मशीनला लावू नका. मलाही स्वतः खटपट करायचा मोह झाला होता. केली, आणि आठवडाभर पुन्हा घोरलो.

शंकासुर
सोमवार, सकाळी ११:००

सगळे दुरुस्तीच्या मागे लागलेत, मूळ प्रश्न कोणी विचारत नाही. एवढा छळ सोसून मिळतं काय? २०१६ मध्ये 'सेव्ह' नावाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. २७०० च्या वर लोक होते. सीपॅप वापरून हृदयविकाराचे झटके, पक्षाघात वगैरे कमी झाले नाहीत. मग?

लॅबवाली
सोमवार, दुपारी १:२०

ती चाचणी खरी आहे आणि तुम्ही निष्कर्षही बरोबर सांगितलात. पण तीच पुढे वाचा. त्या लोकांनी मशीन रात्रीला सरासरी ३.३ तास वापरलं. आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांनाच घेतलं होतं, आणि दिवसा फार झोप येणाऱ्यांना मुळातच वगळलं होतं. तरीही घोरणं, दिवसाची झोप आणि मनःस्थिती यांत सुधारणा दिसली. "झटका टळेल" या भरवशावर मशीन घ्या असं मी कोणाला सांगत नाही. दिवसा जागं राहता यावं म्हणून घ्या असं सांगते.

अर्धवट_झोप
सोमवार, दुपारी १:४५

शंकासुर, प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की मागच्या महिन्यात सिग्नलला उभा असताना माझा डोळा लागला. पाय ब्रेकवर होता म्हणून निभावलं. मागच्या सीटवर मुलगी होती. तिने "बाबा, हिरवा झाला" म्हणून हाक मारली. त्यानंतरच स्लीप स्टडी करून घेतली.

शंकासुर
सोमवार, दुपारी २:१०

मग मी गप्प बसतो. खरंच. मशीन नीट होईपर्यंत गाडी दुसऱ्या कोणाला तरी चालवू द्या.

थोरली_लेक
सोमवार, रात्री १०:२५

धागा वाचून राहवलं नाही. त्रास माझ्या बाबांचा आहे, ते इथे लिहीत नाहीत. त्यांचा प्रश्न हवेचा नव्हताच, भीतीचा होता. मास्क तोंडाजवळ नेला की त्यांचे हात थरथरायचे. लहानपणी एकदा ते विहिरीत गटांगळ्या खाऊन वाचले होते, हे आम्हाला त्या दिवसांत पहिल्यांदा कळलं.

त्यांना मशीन मिळालं त्या ठिकाणी "मनाचे खेळ आहेत" म्हणून वाटेला लावलं. दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र वेगळा रस्ता दाखवला. पहिले काही दिवस मशीन बंदच. दुपारी रेडिओ ऐकताना मास्क नुसता हातात धरायचा, मग हातानेच नाकावर टेकवायचा, पट्टे नाहीत. नको वाटलं की लगेच काढायचा, कोणी काही बोलायचं नाही. मग पट्टे लावून, पण अजून नळी नाही. मग नळी जोडून मशीन चालू, पण बसून, दुपारीच, वर्तमानपत्र वाचत वीस मिनिटं. एखादी पायरी जड गेली तर एक पायरी मागे. रात्र आली चौथ्या आठवड्यात. आई शेजारी बसून मिनिटं मोजायची आणि बाबा तिच्यावर खेकसायचे, तोही उपचाराचाच भाग झाला.

फुल फेस त्यांना कधीच मानवला नाही. नाकपुड्यांशी लागणारा छोटा घेतला, डोळ्यांसमोर काही येत नाही म्हटल्यावर अर्धी भीती गेली. मास्क एका झटक्यात निघतो हे त्यांनी शंभर वेळा काढून पाहिलं.

रातराणी
सोमवार, रात्री १०:५०

थोरली_लेक, बाबांना माझा नमस्कार सांगा. मास्क दिवसा लावून सराव करायचा हे मला कोणी सांगितलं असतं तर दीड महिना वाचला असता.

नळीतला_झरा
मंगळवार, सकाळी ६:४०

माझा प्रश्न उलटा आहे. ह्युमिडिफायर ६ वर नेला तर पहाटे नळीत पाणी साचून नाकावर पिचकारी. स्वप्नात मी नदीत होतो.

गुडगुडराव
मंगळवार, सकाळी ७:१५

खोली थंड, हवा गरम आणि ओली, म्हणून नळीत दव पडतं. मशीन उशीच्या पातळीखाली ठेवा म्हणजे पाणी परत टाकीकडे जाईल. नळीवर कापडी आवरण चढवा. गरम होणारी नळी तुमच्या मशीनला बसत असेल तर तीच घ्या, प्रश्न मिटतो. तोवर आकडा एक-दोनाने खाली आणा.

स्वच्छतादूत
मंगळवार, दुपारी १२:००

धुण्याचा कंटाळा येतो म्हणून ओझोनने निर्जंतुक करणारं यंत्र घ्यावं का?

लॅबवाली
मंगळवार, दुपारी १२:३५

नको. अमेरिकेच्या एफडीए या औषध आणि उपकरण नियामक संस्थेने फेब्रुवारी २०२० मध्येच सांगितलं होतं की सीपॅपसाठी ओझोन किंवा अतिनील किरणांच्या एकाही यंत्राला तेव्हा त्यांची मान्यता नव्हती. २०२१ मध्ये फिलिप्सने आवाज दाबणारा फोम झिजतो म्हणून बरीच मशीन परत मागवली, तेव्हाही ओझोनने ती झीज वाढू शकते असं सांगितलं होतं. साबण, कोमट पाणी, सावलीत वाळवणं. पाच मिनिटांचं काम.

आठवलं म्हणून आणखी एक. काही मास्कच्या क्लिपांमध्ये चुंबक असतं. तुम्हाला किंवा शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर असेल, डोक्यात धातूची क्लिप असेल, तर बिनचुंबकाचा मास्क मागा. लोक स्वतःपुरतं विचारतात, जोडीदाराचं विसरतात.

अर्धवट_झोप
पुढचा बुधवार, रात्री १०:१०

मंडळी, दहा दिवसांचा हिशेब देतो.

पट्टे ढिले केले. पहिल्या रात्री विश्वास बसेना, मास्क गळून पडेल असं वाटत होतं. नाही पडला. वळ पुसट झाला. ह्युमिडिफायर ५ वर आहे, जीभ आता टाळूला चिकटत नाही. डॉक्टरांकडे कार्ड घेऊन गेलो. त्यांनी लीकचा, म्हणजे हवा सुटण्याचा आलेख दाखवला, दोन वाजल्यानंतर नुसते डोंगर. दाब ६ ते १३ केला. काल एएचआय ४.६ आणि वापर ५ तास १० मिनिटं. पोट बरंच शांत आहे, पूर्ण नाही.

पण पहाटे चार-साडेचारला मास्क अजूनही काढतोच. शिवाय स्वप्नं इतकी पडतात की सकाळी थकायला होतं. आणि त्या ४.६ पैकी २ 'सेंट्रल' दिसतात. हे काय नवीन?

लॅबवाली
बुधवार, रात्री ११:००

५ च्या खाली आलात, छान! आता एकेक.

स्वप्नं: बरेच महिने तुमची आरईएम झोप, म्हणजे स्वप्नांची झोप, तुटत होती. आता मोकळीक मिळाल्यावर मेंदू थकबाकी वसूल करतोय. सहसा काही आठवड्यांत ओसरतं.

पहाटे: आरईएमचा मोठा वाटा रात्रीच्या उत्तरार्धात असतो. त्या झोपेत घशाचे स्नायू सर्वांत ढिले पडतात, म्हणून मशीन दाब वाढवतं आणि तुम्ही अर्धवट जागे होऊन हात चालवता. जाग आली तर मास्क न काढता रॅम्पचं बटण दाबा, दाब खाली येईल. काढलाच असेल तर ज्या क्षणी कळेल त्या क्षणी परत लावा, मग राहिलेली झोप वीस मिनिटांची का असेना.

सेंट्रल: घसा उघडा आहे पण मेंदूकडून श्वासाचा हुकूमच आला नाही, असा प्रकार. सीपॅप नव्याने सुरू केल्यावर काहींना दिसतो आणि बहुतेकांचा आठवड्या-महिन्यांत आपोआप जातो. तुमचा २ म्हणजे थोडाच आहे, पण पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवाच. आकडा वाढत गेला किंवा हृदय कमजोर असेल तर थांबू नका, लगेच दाखवा.

आणि वापराबद्दल: 'चार तास, ७० टक्के रात्री' हा मापदंड जुना आहे, तो पासापुरता. तुम्ही पाचच्या पुढे आहात, आता झोपेचे सगळे तास धरा.

चिकटपट्टी
बुधवार, रात्री ११:२०

वाचनखूण साठवली. मीही आज पट्टे ढिले करतो. टेप कचऱ्यात.

अर्धवट_झोप
त्यापुढचा शनिवार, सकाळी ८:०५

काल ६ तास ४०. मास्क सकाळी चेहऱ्यावरच होता. बायकोने उठवलं तेव्हा कळलं की ती पंक्चरची सायकलही बंद आहे.

एक शेवटचं विचारतो. गालांवर पट्ट्यांच्या रेघा उमटतात त्या नऊपर्यंत जात नाहीत, आणि मला साडेआठला लोकांसमोर उभं राहायचं असतं. काही उपाय?

रातराणी
शनिवार, सकाळी ८:३०

पट्ट्यांना मऊ कापडाची आवरणं मिळतात, ती चढवा आणि उठल्यावर गार पाण्याने तोंड धुवा. माझ्या रेघा सहा वर्षांनीही दहापर्यंत असतात. आमच्याकडे आता कोणी विचारत नाही.